पायांखालचे लाकूड

हातकणंगले तालुक्यातील हुपरी या गावी आमचे एक शाळासोबती राहतात. घराणे चांदीच्या कारागिरांचे. आजोबांच्या काळातला वाडा उतरवून त्याच जागी त्यांनी दुमजली घर बांधले आणि घरभरणीला आम्हांस आग्रहाने बोलाविले. खाली कारखाना, वर राहते घर अशी गावातली नेहमीची रचना होती. नवलाची गोष्ट होती ती वरच्या दिवाणखान्यात. तिथे फरशी नव्हती. परदेशातून आलेल्या ओक लाकडाच्या गुळगुळीत फळ्यांची जमीन भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरली होती. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने हौसेने ती करून घेतली होती. पाहुणे वाकून वाकून हात लावून पाहत होते. आमच्या सोबत्याच्या मातोश्री मात्र दाराशी, जिथे लाकूड संपून फरशी सुरू होते, तिथे पाट टाकून बसल्या होत्या.

आम्ही विचारले, "आज्जी, आत का बसत नाही?"

"बसले असते की, फादर," त्या म्हणाल्या, "पर ओल्या पायानं जायचं न्हाई म्हंत्यात. आन् माझं पाय काय दिवसभर कोरडं असत्यात व्हय?"

सगळे हसले, आम्हीही हसलो. परंतु परतीच्या वाटेवर ते वाक्य आमच्या मनातून जाईना. आपल्या माणसांनी शेकडो वर्षे घरे बांधली, त्यांत साग ओतला, कोरीव खांब उभे केले. मग पायांखालची जमीन लाकडाची का केली नाही? आणि जिथे केली, तिथे ती कोणी केली व तिची किंमत कोणी मोजली? या प्रश्नांच्या मागे लागून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रारंभ हुपरीच्याच भुईपासून करू. आपल्याकडे गावच्या वस्तीला 'पांढरी' आणि शेतीला 'काळी' म्हणण्याची जुनी रीत आहे. तिच्यात बांधकामाचे शहाणपण दडलेले आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा टाकते. ऊस तिच्यात उत्तम येतो, पण घराची भुई तिची करता येत नाही. म्हणून जोत्याच्या आत मुरूम भरायचा, पाणी मारून तो धुमसाने चोपायचा, वर पांढऱ्या मातीचा थर द्यायचा आणि शेणाने सारवायचे. अशी भुई उन्हाळ्यात गार असते, अनवाणी पायांना मऊ लागते, आणि मुख्य म्हणजे ती दुरुस्त करायला सुतार-गवंड्याची वाट पाहावी लागत नाही. घरातली स्त्री दर आठवड्याला ती आपल्या हातांनी नवी करते. तिच्या श्रमाचा हिशेब कोणी मांडला नाही, हा भाग वेगळा.

नंतर रेल्वे आली आणि तिच्याबरोबर शहाबादी फरशी आली. भीमेच्या खोऱ्यातला हा करडा चुनखडीचा दगड थराथराने सुटतो. त्यामुळे फारसे न तासताही त्याच्या सपाट लाद्या मिळतात. सारवणाचे कष्ट वाचले. पुढे सिमेंटच्या लाद्या आल्या, मग मोझॅक, आणि आता गुजरातेतल्या मोरबीच्या चकचकीत टाइल्स. हुपरीच्या घरांतून फिरले तर एकाच घरात या चार पिढ्या चार खोल्यांतून नांदताना दिसतात.

हुपरीच्या कारागिराला भुईचे महत्त्व निराळ्याच कारणाने ठाऊक आहे. त्याचा सारा व्यवसाय जमिनीवर बसून चालतो. मुशीत चांदी वितळवायची, तिची तार जंत्रीतून ओढून बारीक करायची, कड्या करायच्या, त्यांना डाक लावायचा, घुंगरू जोडायचे, कानशीने घासायचे. प्रत्येक पायरीवर चांदीचा थोडा कीस सांडतो. तो कीस म्हणजे घामाचे पैसे. म्हणून इथली झाडलोट कचऱ्यात जात नाही. ती जपून ठेवतात आणि तिच्यातली चांदी पुन्हा गाळून काढतात. सोनारांच्या राखेतून आणि धुळीतून सोन्यारुप्याचे कण धुऊन काढण्यावर पोट भरणारे लोक महाराष्ट्रात 'झारेकरी' या नावाने ओळखले जात. जिथे धुळीलाही मोल आहे, तिथे फळ्याफळ्यांच्या सांधी असलेली जमीन कशी परवडेल? शिवाय मुशीतून उडणारा तप्त थेंब आणि धातू उजळण्यासाठी लागणारे तेजाब हे दोन्ही लाकडाचे वैरी. इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहराच्या दागिने घडविणाऱ्या वस्तीत कारखान्यांच्या जमिनी लाकडाच्या होत्या; तेथे जुन्या फळ्या उखडल्यावर त्या जाळून राखेतून सोने काढण्याची पद्धत होती. आपल्या कारागिरांनी घर जाळण्यापेक्षा भुई गुळगुळीत ठेवणे पसंत केले.

आता वाड्याकडे वळू. देशावरच्या वाड्यात लाकूड भरपूर असते, पण ते पाहायला मान वर करावी लागते. खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर जवळजवळ बसविलेल्या कड्या आणि कड्यांवर फळ्या. याला कडीपाट म्हणतात. फारसीतून आलेला 'तक्तपोशी' हा शब्दही त्याचेच वर्णन करतो. तक्ते म्हणजे फळ्या, आणि पोशी म्हणजे आच्छादन. गंमत अशी की या फळ्यांवरून माडीवरचा माणूस थेट चालत नसे. फळ्यांवर मातीचा किंवा चुन्याचा थर घालून माडीची जमीनही खालच्यासारखीच सारवीत. म्हणजे लाकूड छताच्या बाजूला आणि माती पायाच्या बाजूला. हवामान पाहता हे योग्यच होते. मातीच्या थराने उष्णता अडते, पावलांचा आवाज दबतो, आणि चुलीतला निखारा पडला तर तो मातीवर विझतो.

याच्या जोडीला आणखी एक भावना असावी असे आम्हांस वाटते. आपल्या घरांत लाकूड हे मानाच्या जागी असे. जेवायला बसायचा पाट, देवापुढचा चौरंग, बाळाचा पाळणा, धान्याची कणगी झाकणारी फळी. पाहुणा आला की पाट मांडायचा, हा आदराचा व्यवहार होता. ज्यावर अतिथीला बसवायचे तेच सर्वत्र अंथरून त्यावरून चालायचे, ही कल्पना त्या संसारात बसणारी नव्हती. आज्जी लाकडी जमिनीच्या उंबरठ्यावर पाट टाकून बसल्या, त्यात त्यांच्या नकळत ही सारी परंपरा बसली होती.

मग लाकडावरून चालणारे लोक कोण? पहिले म्हणजे खलाशी. जहाजाचे डेक ही लाकडी जमीनच आहे, आणि ती घालण्याची कला मुंबईच्या गोदीत एके काळी जगात मानली जात होती. १७३६ साली सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने इथे पिढ्यान्‌पिढ्या सागाची जहाजे बांधली. १८१७ साली मुंबईत मलबारी सागातून बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडातील हार्टलपूल बंदरात आजही पाण्यावर आहे. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे पाणी आणि वाळवी त्याला सहजासहजी शिवत नाहीत, आणि लोखंडी खिळा त्यात फारसा गंजत नाही. ओकच्या लाकडात हा गुण नाही.

दुसरे म्हणजे पोर्तुगीजांच्या सहवासात आलेले लोक. पोर्तुगीज भाषेत 'सोब्रादो' हा शब्द फळ्यांच्या जमिनीसाठी वापरतात, आणि तोच शब्द माडीच्या घरालाही लावतात. कारण त्यांच्या दृष्टीने वर फळ्यांची जमीन असणे हीच माडीची खूण. गोव्यातल्या जुन्या दुमजली घरांत खालचा मजला कोठारासाठी आणि वरचा सागवानी फळ्यांचा मजला राहण्यासाठी व पाहुण्यांसाठी अशी रचना आढळते. गिरगावातल्या खोताच्या वाडीत लाकडी जिने आणि लाकडी सज्जे असलेली घरे उभी आहेत; आपल्या समाजातल्या कित्येक कुटुंबांचे बालपण अशा घरांत गेले आहे. मुंबईच्या जुन्या चाळींतही कड्या आणि फळ्यांचे मजले होते. वरच्या बिऱ्हाडात वरवंटा पडला की खालच्या बिऱ्हाडाला कळत असे. लाकडी जमीन ही शेजारधर्म शिकविणारी जमीन होती; वर कोण कधी उठले, कोण आजारी आहे, कोणाचे भांडण झाले, हे तिच्यापासून लपत नसे.

तिसरे म्हणजे नट. कोल्हापूरकरांना लाकडी जमीन आठवते ती रंगमंचाची. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदानाशेजारी नाट्यगृह बांधविले. ते १९१५ साली 'पॅलेस थिएटर' म्हणून पुरे झाले आणि पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव त्याला मिळाले. एका भिंतीपलीकडे मल्लांची तांबडी माती आणि अलीकडे नटांच्या पायांखालचे लाकूड, असा हा दुर्मीळ शेजार होता. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली आणि रंगमंच जळून गेला. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री कोल्हापुरात म्हातारी माणसे रस्त्यावर उभी राहून रडली, आणि त्यांना कोणी वेडे म्हटले नाही.

आगीचे नाव निघाले म्हणून पुण्याचीही आठवण होते. थोरल्या बाजीरावांनी १७३० साली शनिवारवाड्याचे काम सुरू केले. त्यासाठी जुन्नरच्या जंगलातून साग, चिंचवडहून दगड आणि जेजुरीहून चुना आणल्याचे सांगतात. १८२८ च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली, ती सात दिवस धुमसत राहिली. दगडी तट आणि जोती उरली. कडीपाट, कोरीव खांब, महिरपी यांचे काहीही उरले नाही. आज आपण तिथे जोत्यांवरून फिरतो, तेव्हा एका नाहीशा झालेल्या अरण्याच्या राखेवरून फिरत असतो.

इथे आपण दुसऱ्या प्रश्नाशी येतो. हे लाकूड येते कोठून आणि त्याची किंमत कोण मोजतो?

पवित्र शास्त्राच्या वाचकांना लाकडी जमिनीचे एक जुने वर्णन ठाऊक असेल. राजे यांच्या पहिल्या पुस्तकात शलमोनाने मंदिर बांधल्याची हकिकत आहे. भिंतींना आतून गंधसरूच्या फळ्या लावल्या आणि भुईला देवदारूच्या फळ्या बसविल्या, असे तिथे सांगितले आहे. लबानोनावरचे वृक्ष सोराचा राजा हिराम याच्या माणसांनी तोडले आणि त्यांचे तराफे बांधून समुद्रमार्गे पाठविले. वर्णन वाचताना डोळे दिपतात. परंतु त्याच पुस्तकात, थोडे आधी, राजाने या कामासाठी तीस हजार माणसे वेठीला धरली हेही लिहिले आहे. शलमोन गेल्यावर लोकांनी त्याच्या पुत्राकडे हेच गाऱ्हाणे नेले की, तुझ्या बापाने आमच्यावर भारी जू घातले ते हलके कर. त्याने ऐकले नाही, आणि राज्य दुभंगले. भुईवर सोने मढविणाऱ्या राजाच्या घराला तडा गेला तो वेठीच्या माणसांच्या असंतोषाने. शास्त्रकर्त्याने फळ्यांचा आणि वेठीचा हिशेब एकाच ग्रंथात ठेवला, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

याच्या शेजारी आपल्या कोल्हापूरचा एक ग्रंथ ठेवून पाहावा. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' १७१५ च्या सुमाराचे. कोल्हापूरच्या संभाजीराजांना राज्यकारभाराची शिकवण म्हणून ते लिहिले गेले. शिवछत्रपतींच्या राजनीतीचा सार त्यात आहे. आरमारासाठी लाकूड लागते त्या प्रकरणात अमात्य सांगतात की, राज्यातल्या अरण्यातले साग वगैरे जे हवे ते परवानगीने तोडावे, आणि बाकीचे परमुलखातून विकत आणावे. आंबे-फणसांची लाकडेही कामाची आहेत, परंतु त्यांना हात लावू नये. कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, आणि ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पारावार उरत नाही. एखादे झाड अगदी जीर्ण झालेले असेल, तर त्याच्या धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. बळजबरी करू नये. एका राज्यकर्त्याच्या ग्रंथात झाडाच्या धन्याच्या 'संतोषा'ला इतके स्थान आहे, हे वाचून मान आदराने लवते. जहाज कितीही निकडीचे असो, ज्याचे झाड त्याचे मन आधी.

पुढच्या राज्यकर्त्यांना ही शिकवण नव्हती. मलबारातला साग तुटत चालला तेव्हा इंग्रजांनी १८४० नंतरच्या दशकात निलांबूर येथे सागाची लागवड केली; कलेक्टर कॉनोली यांच्या नावाने ओळखली जाणारी ती बाग सागाच्या सर्वांत जुन्या लागवडींत गणली जाते. पण सागाला पक्व व्हायला पन्नास-साठ वर्षे आणि त्याहूनही अधिक लागतात. तेवढा धीर बाजाराला नव्हता. मग नजर ब्रह्मदेशाकडे गेली. १८६३ साली मुंबईत 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' स्थापन झाली आणि ब्रह्मी सागाचे ओंडके मुंबईच्या वखारींत उतरू लागले. १८८५ साली कंपनीने मोजणीपेक्षा जास्त ओंडके नेले असा आरोप ठेवून थिबा राजाच्या दरबाराने तिला जबर दंड केला. त्या तंट्याचे निमित्त पुढे करून इंग्रजांनी युद्ध पुकारले, काही आठवड्यांत मंडाले घेतले, आणि राजाला कुटुंबासह हद्दपार केले. १८८६ साली त्याला आणून ठेवले ते आपल्या रत्नागिरीस. १९१० साली त्याच्यासाठी तिथे राजवाडा बांधून झाला. १९१६ साली, मायदेशाचे पुन्हा दर्शन न होता, तो वारला. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरीस जाणारे प्रवासी 'थिबा पॅलेस' पाहतात आणि सूर्यास्ताचे छायाचित्र काढून परततात. लाकडाच्या हिशेबापायी राज्य गमावलेल्या राजाचे ते बंदिगृह आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

आपल्याकडील जंगलांचेही तेच झाले. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी रान सरकारचे झाले आणि रानाकाठच्या माणसाला सरपणाची मोळीही चोरीची ठरू लागली. १९३० साली त्याविरुद्ध ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. वारणेच्या खोऱ्यातल्या बिळाशीच्या लोकांनी सागाचे झाड तोडले, आणि त्याच्या फळ्या न करता त्याचा ध्वजस्तंभ उभारून त्यावर तिरंगा चढविला. तो उतरविण्यासाठी आलेल्या पोलिसांशी गावाने सामना केला. सागाचा याहून मानाचा उपयोग आमच्या वाचनात नाही.

लाकूड महाग झाले तसे त्याला पर्याय निघाले. १८६५ साली बासल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. त्या तांबड्या कौलांनी कोकण आणि घाटमाथा झाकून टाकला. १९२२ साली, स्वदेशीच्या भरात, मुंबईच्या सिधवा कुटुंबाने 'भारत फ्लोअरिंग टाइल्स' ही कंपनी स्थापन केली आणि परदेशी लाद्यांच्या तोडीच्या रंगीत नक्षीच्या सिमेंट लाद्या इथेच तयार होऊ लागल्या. जुन्या बंगल्यांतून आणि चाळींच्या जिन्यांवरून त्या आजही पाय झिजवूनही रंग धरून आहेत. लाकूड पायांखाली घेण्याची गरजच सामान्य माणसाला उरली नाही. आता पुन्हा जी हौस आली आहे, ती गरजेतून आलेली नाही. चित्रपटांतून, हॉटेलांतून आणि परदेशी गेलेल्या मुलांच्या छायाचित्रांतून ती आली आहे. हौस वाईट असे आम्ही म्हणणार नाही. फ्रान्सच्या व्हर्सायच्या राजवाड्यातदेखील १६८४ साली संगमरवर काढून लाकडी जमीन घातली, कारण दगड धुतल्याचे पाणी झिरपून खालच्या तुळया कुजत होत्या. प्रत्येक देशाने आपल्या पाण्यापावसाशी तडजोड करूनच जमीन घातली आहे. हुपरीच्या त्या दिवाणखान्यात ही तडजोडच राहून गेली होती.

मृगाचा पाऊस लागला आणि महिन्याभरात मित्राचा फोन आला. फळ्यांच्या कडा वर उचलल्या होत्या. प्रत्येक फळी पन्हळीसारखी झाली होती. खिडकीजवळ तर जमीन मधोमध फुगून उठली होती. ज्या ठेकेदाराने काम केले, तो हवामानाला दोष देऊन मोकळा झाला. पैसे गेले, आणि बाप-लेकांत अबोला आला तो निराळाच. आम्ही गेलो, तेव्हा मित्राने गावातल्या एका जुन्या सुताराला बोलावून घेतले होते. त्याने गुण्या-पाणसळ बाजूला ठेवून आधी खालच्या सिमेंटवर प्लास्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी चिकटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आत दव जमलेले होते. स्लॅब अजून ओला होता! सिमेंट महिन्याभरात घट्ट होते, पण त्यातले पाणी उडून जायला कित्येक महिने लागतात. तो ओलावा फळीने खालून पिला, खालची बाजू फुगली, वरची आकसलेली राहिली, आणि कडा उचलल्या. भिंतीशी फट न ठेवल्यामुळे फुगलेल्या लाकडाला सरकायला जागाच नव्हती.

"लाकूड मेलं तरी श्वास घेतंया," सुतार म्हणाला. "त्याला भिताडाशी बोटभर जागा द्याया लागती."

पुढचा प्रश्न आज्जींनी सोडविला. परसात वाड्याच्या जुन्या तुळया आणि कड्या ताडपत्रीखाली रचून ठेवलेल्या होत्या. जुन्या सागाचा व्यापारी त्या न्यायला येणारच होता. आज्जी म्हणाल्या, "तुमच्या आज्ज्यानं बैलगाडीतनं आणलेला साग हाय त्यो. इकायचा कशापायी? घरातच घाला की."

त्यापुढे आठ महिने गेले. स्लॅब वाळू दिला. तुळया वखारीत नेऊन, आतले जुने खिळे शोधून उपटून, त्यांच्या फळ्या कापल्या. मुद्दाम अरुंद, कारण रुंद फळी जास्त वाकते. एका काठाला जिभेसारखा उंचवटा आणि दुसऱ्या काठाला खाच काढली. मग त्या फळ्या पंधरवडाभर त्याच दिवाणखान्यात, मध्ये काड्या घालून, हवा खात रचून ठेवल्या. ज्या खोलीत राहायचे त्या खोलीची हवा लाकडाने आधी अंगात मुरवावी लागते. स्लॅबवर ओल रोखणारा कागद, त्यावर प्लायवूड, त्यावर फळ्या, भिंतीशी बोटभर फट आणि ती झाकायला पट्टी. शेवटी बेलतेलाचे हात दिले. चकाकी ओकपेक्षा कमी आली. जागोजागी जुन्या खिळ्यांची काळी भोके दिसतात. मुलाने ती भरू दिली नाहीत. खालच्या कारखान्यात मात्र शहाबादीच ठेवली. चांदीचा कीस तिथे सांडतो, आणि तो सापडला पाहिजे.

आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा आज्जी दिवाणखान्याच्या मधोमध, पाटाशिवाय, पाय पसरून बसल्या होत्या आणि पैंजणाच्या कड्या जुळवीत होत्या. त्यांचा नातू खाली बसून त्यांना घुंगरू मोजून देत होता. त्यांच्या शेजारी पाण्याचा तांब्या होता, आणि तांब्याखाली ओलसर वर्तुळ उमटले होते. कोणी काही बोलले नाही.

नाझरेथच्या सुताराच्या घरी वाढलेल्या प्रभूला लाकडाचा स्पर्श लहानपणापासून ठाऊक होता. त्याच्या घरची जमीन मातीचीच असणार. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबे आता नवी घरे बांधीत आहेत. कोणी वसईत, कोणी पुण्यात, कोणी परदेशात. कोणी लाकडी जमीन घालील, कोणी फरशी. घालणाऱ्याने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात असे आम्हांस सुचवावेसे वाटते. हे लाकूड कोठून आले आणि कोणाच्या संतोषाने आले? आपल्या हवेला ते मानवेल का? आणि ओल्या पायांनी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्यावरून निर्धास्त चालता येईल का? या तिन्हींची उत्तरे सरळ आली, तर जमीन कसलीही असो, घर उभे राहील.